पैशाची वंशावळ

इंग्लंडात घर घेताना खात्यात पैसे असून भागत नाही. ते कुठून आले हे सांगावं लागतं. आणि कुणी दिले असतील, तर देणाऱ्याकडे ते कुठून आले, हेही. घराच्या किमतीतला जो भाग आपण पदरचा भरतो त्याला इथे डिपॉझिट म्हणतात. किमान पाच-दहा टक्के तरी लागतात, उरलेलं बँक कर्जाने देते. हा पदरचा भाग आईवडिलांनी उचलणं इथल्या लोकांतही इतकं सर्रास चालतं, की 'बँक ऑफ मम अँड डॅड' म्हटलं की सगळ्यांना कळतं. तरी सॉलिसिटरच्या, म्हणजे घरखरेदीचं कायदेशीर काम बघणाऱ्या वकिलाच्या, ऑफिसातून आलेली यादी मी बाबांना फोनवर वाचून दाखवली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हणजे बापाला विचारतायत, पैसे कुठून आणलेस?"

हो, तेच विचारत होते. देणाऱ्याचा पासपोर्ट, राहत्या पत्त्याचा पुरावा, सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट, पैसे भेट दिल्याचं सहीचं पत्र, आणि शेवटी एक ओळ: या रकमेचा उगम दाखवणारी कागदपत्रं. यादीतलं बाकी सगळं दोन दिवसांत झालं असतं. त्या शेवटच्या ओळीने आमच्या घरातली कपाटं उघडायला लावली.

मला स्वतःला हा प्रश्न अपमानाचा वाटला नाही, आणि बाबांशी त्यावरून माझा वादही झाला. ब्रिटनमध्ये २००२ चा प्रोसीड्स ऑफ क्राइम ॲक्ट आहे, आणि काळा पैसा रोखण्यासाठीचे २०१७ चे नियम आहेत. त्यांच्याखाली सॉलिसिटर नुसता कागद पुढे सरकवणारा माणूस राहत नाही. संशयाला जागा असूनही त्याने सरकारी यंत्रणेला कळवलं नाही, तर त्याला स्वतःला पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. शिवाय कळवल्यावर ते अशिलाला सांगायचीही बंदी. त्यामुळे सॉलिसिटरचं उत्तर चार दिवस आलं नाही की माणूस मनात काय काय रचतो. बहुतेक वेळा तो नुसता रजेवर असतो.

असे नियम का लागतात, ते लंडनच्या घरांचा इतिहास बघितला की कळतं. २०१८ मध्ये पहिल्यांदा 'अनएक्सप्लेन्ड वेल्थ ऑर्डर' वापरली गेली, म्हणजे 'एवढी मालमत्ता कुठून आली ते तूच सांग' असा कोर्टाचा हुकूम. ती निघाली झमिरा हाजियेवा या बाईंवर. नवरा अझरबैजानमधल्या सरकारी बँकेचा माजी प्रमुख, बँकेच्या पैशांच्या अफरातफरीत तिकडे शिक्षा झालेला. बाईंनी दहा वर्षांत एकट्या हॅरॉड्समध्ये दीड कोटी पौंडांच्या वर खर्च केलेले. हॅरॉड्सपासून हाकेच्या अंतरावर नाइट्सब्रिजमध्ये घर, तेही परदेशी कंपनीच्या नावावर. इथलं घर ज्या परदेशी कंपनीचं आहे तिचा खरा मालक कोण, याची नोंदवही सक्तीची झाली थेट २०२२ मध्ये. तोवर कंपनीच्या आड बसलेल्याला फारसं कुणी विचारत नव्हतं. पासबुकवाल्याला मात्र विचारत होते. माझी तक्रार असेल तर एवढीच.

आईचं काम एका दुपारी उरकलं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. भविष्य निर्वाह निधीचा अंतिम प्रदानाचा आदेश, पेन्शन जमा होणारं खातं आणि एक मुदत ठेव. सगळ्या कागदांवर एकच नाव, एकच स्पेलिंग, एकच सही. "माझे पैसे कुठून आले हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं," ती म्हणाली, आणि मला वाटतं तिला ते आवडलं.

बाबांचं तसं नव्हतं. त्यांची नोकरी खाजगी, पेन्शन नाही. त्यांच्या हातात जे होतं ते गावची जमीन विकून आलेलं. विक्रीचे पैसे आधी बचत खात्यात आले, तिथून चार-पाच मुदत ठेवींत गेले. ठेव पिकली की त्यांची बँक ती आपोआप पुढे चालू करते, नवा नंबर देते, आणि जुनी पावती परत मागून घेते. म्हणजे आपल्या दृष्टीने ठेव तीच, पण कागदावर दर खेपेला नवा जन्म. सॉलिसिटरला दिसत होतं ते इतकंच, की एका मार्चमध्ये बाबांच्या खात्यात एकदम मोठी रक्कम जमा झाली आणि शेजारी 'एफडी क्लोजर' असं छापलंय. कुठली एफडी? त्याआधीची कुठली? बाबांनी बँकेतून प्रत्येक ठेवीचा उतारा मागवला. मॅनेजरने त्याच्यावर गोल शिक्का मारून, हिरव्या शाईत सही करून दिली. बाबांना वाटलं, आता यावर कोण काय बोलणार! सॉलिसिटरच्या ऑफिसला शिक्क्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना प्रत्येक ठेवीपुढे आधीच्या ठेवीचा नंबर हवा होता. शेवटी मी एक तक्ताच केला, डावीकडे पैसे आले कुठून आणि उजवीकडे गेले कुठे. जमीन विक्रीपासून आजपर्यंत बाणच बाण. पैशाची वंशावळ म्हणावी असा.

वंशावळीच्या मुळाशी खरेदीखत होतं. जमिनीच्या व्यवहारात खरेदीखतावर एक आकडा असतो आणि हातात पडतो तो दुसरा, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाबांनी सगळी रक्कम चेकने घेतली होती. त्यासाठी भाव थोडा कमी आला होता, आणि आमच्या एका काकांनी तेव्हा त्यांना भर बैठकीत खुळ्यात काढलं होतं. आता खरेदीखतातला आकडा आणि खात्यात जमा झालेला आकडा पैशापैशाने जुळला. बाबांनी ते काकांना कळवायला सांगितलं. मी कळवलं नाही.

पुढचा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. एवढी मोठी मालमत्ता विकली, तर त्यावर कर भरल्याचा कागद कुठे? तो नव्हताच, कारण कर लागलाच नव्हता. भारताच्या आयकर कायद्यात ग्रामीण शेतजमीन, म्हणजे शहराच्या हद्दीपासून ठरावीक अंतराबाहेरची, भांडवली मालमत्तेत मोडत नाही. ती विकून झालेल्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर नाही. हे मराठी माणसाला सांगितलं तर तो मान डोलावतो. इंग्लंडातल्या ऑफिसात मात्र 'मोठी रक्कम आली, कर शून्य' हे वाक्यच वाईट दिसतं. सीएंचं पत्र घेतलं, जमीन ग्रामीण असल्याचा दाखला घेतला आणि जमीन शेतीचीच होती हे दाखवायला सातबारा जोडला.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, एकात हक्क आणि दुसऱ्यात पिकं. आमचा जुना उतारा हाताने लिहिलेला, त्याची झेरॉक्स फिक्कट. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, खाली पोटखराबा म्हणजे लागवडीला न येणारा भाग, आणि आकार म्हणजे शेतसारा, तो रुपये-पैशांत. अधिकृत इंग्रजी अनुवाद करून देणाऱ्या बाईंनी मला फोन करून विचारलं, ज्वारीपुढे 'जिरायत' लिहिलंय आणि पुढच्या वर्षी ती चौकट कोरी का? जिरायत म्हणजे पावसावरची शेती, आणि त्या वर्षी पाऊस नव्हता, मी सांगितलं. बाबांचं नाव उताऱ्यावर घरात हाक मारायचे तसं, पासपोर्टवर पूर्ण, आणि बँकेत आद्याक्षरांनी. तीन नावांचा माणूस एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र झालं.

त्याच उताऱ्यावर बाबांच्या नावाखाली आणखी दोन नावं होती. दोन्ही कंसात, आणि शेजारी एका वर्तुळात फेरफाराचा, म्हणजे हक्कातल्या बदलाच्या नोंदीचा, नंबर. जुन्या सातबाऱ्यात ज्याचं नाव कमी होतं त्याला असा कंस घालत. अनुवादातही कंस तसेच उतरले. सॉलिसिटरच्या ऑफिसातल्या मुलीने, ती सगळं बारकाईने वाचायची हे मान्य करायला हवं, लगेच विचारलं: या दोन व्यक्ती कोण, आणि त्यांचा या पैशांवर काही दावा आहे का?

मोठी आत्या आणि धाकटी आत्या.

आजोबा गेल्यावर वारसनोंद झाली तेव्हा तिघांचीही नावं लागली होती, बाबा आणि दोघी बहिणी. आजी आधीच गेलेली. वडिलांच्या स्वतःच्या वाट्यात मुलीला मुलाइतकाच वारसा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्मतः हिस्सा मिळाला २००५ च्या दुरुस्तीने, आणि त्यासाठी वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. आमच्याकडे यातलं काही कुणी काढून बघितलं नव्हतं. वारसनोंदीनंतर थोड्याच दिवसांत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन दोघींनी हक्कसोडपत्र करून दिलं. मग दुसरा फेरफार, आणि मग कंस.

ते हक्कसोडपत्र मी पहिल्यांदाच वाचत होते. स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, कोणताही मोबदला न घेता, सदर मिळकतीतील आमचा हक्क, हितसंबंध कायमचा सोडून देत आहोत, आमचे वालीवारस यापुढे कसलीही तक्रार करणार नाहीत. खाली मोठीचा अंगठा आणि धाकटीची शाळकरी वळणाची सही. कागदपत्रांच्या ढिगात माझ्या कामाचा हाच सगळ्यात नेमका कागद निघाला. अनुवाद पाठवला, आणि त्याच दिवशी उत्तर आलं की धन्यवाद, हा मुद्दा मिटला.

त्याच आठवड्यात भेटीच्या पत्राचा मसुदा आला होता. बाबांनी आणि आईने सही करायचा. ही रक्कम भेट आहे, कर्ज नाही. ती परत मिळावी अशी अपेक्षा नाही. या घरात आम्हाला कोणताही हक्क वा हितसंबंध नाही, आणि पुढेही आम्ही तो सांगणार नाही. मी स्क्रीनवर दोन्ही कागद शेजारी शेजारी उघडले होते, ओळी जुळवून बघायला. फार शोधावं लागलं नाही.

बँकेला हे पत्र का हवं असतं त्याला कारण आहे. ते पैसे उसने असतील, तर त्यांचा हप्ता माझ्या पगारातून जाणार, आणि मग मला किती कर्ज झेपेल हे गणितच बदलतं. दुसरं कारण जास्त खोल आहे. १९८० साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, बोलँड नावाच्या जोडप्याच्या खटल्यात निकाल दिला. घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर, पण बायकोने खरेदीत पैसे घातलेले आणि ती त्या घरात राहत होती. नवऱ्याने घर गहाण ठेवलं, कर्ज थकलं, बँक ताबा घ्यायला आली. कोर्ट म्हणालं, या बाईचा हिस्सा बँकेच्या आधी. तेव्हापासून पैसे घातलेला आणि घरात राहणारा माणूस म्हटलं की इथल्या बँका दचकतात. ज्याने पैसे दिलेत त्याच्याकडून हक्क सोडल्याचं लिहून घेतल्याशिवाय त्या कर्ज देत नाहीत.

हे सगळं मी आईला सांगितलं, कारण तिने मसुदा वाचून विचारलं होतं, "म्हणजे आम्ही तुझ्याकडे राहायला यायचं नाही का?" यायचं, कितीही राहायचं, फक्त हे घर आमचंही आहे असं कोर्टात म्हणायचं नाही. "कोर्टात कोण जातंय!" ती म्हणाली आणि सही केली. पण 'परत मिळावी अशी अपेक्षा नाही' या ओळीवर ती जरा थांबली होती, हे मला दिसलं. आमच्यासारख्या घरांत पैसे असे कोरडे दिले जात नाहीत. त्यांच्याबरोबर म्हातारपणीचं आजारपण येतं, एक खोली येते, दादाच्या मुलांच्या शिक्षणाला हात लावशील हे न बोललेलं येतं. तो पैसा भेटही नसतो आणि कर्जही नसतो. ब्रिटिश बँकेच्या फॉर्मवर मात्र चौकटी दोनच. आम्ही भेट या चौकटीत खूण केली. त्यात खोटं काही नव्हतं. कर्ज म्हटलं असतं तर ते जास्त खोटं झालं असतं.

पैसे प्रत्यक्ष पाठवणं त्या मानाने सरळ. रिझर्व्ह बँकेच्या लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीमखाली भारतात राहणाऱ्या माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, भेट म्हणूनही. बँकेत ए-टू फॉर्म भरायचा, पॅन द्यायचा. खटकतो तो टीसीएस: वर्षात दहा लाखांच्या वर जेवढी रक्कम जाईल तिच्यावर वीस टक्के बँक वेगळे कापून सरकारकडे भरते. रिटर्न भरताना ते वळते होतात, पण तोवर अडकतात. एकाच खात्यातून तीस लाख पाठवले तर चार लाख अडकणार, तेच दोघांनी पंधरा-पंधरा पाठवले तर दोन. म्हणून आईच्या खात्यातूनही गेले. अर्थात देणारे दोन झाले की उगमाच्या फायलीही दोन होतात. बँकेतल्या मुलाने बाबांना पाठवण्याचं कारण विचारलं. बाबा म्हणाले, "मुलीला देतोय." त्याने पुन्हा विचारलं, "हो, पण कशासाठी?"

मग मी धाकट्या आत्याला फोन केला. घराची बातमी द्यायचीच होती. हक्कसोडपत्राचं मीच काढलं, तुझी सही वाचली म्हटलं. "कुठली गं?" आणि मग, "हां, ती होय. आमच्या बाबांचं वर्षश्राद्ध व्हायचं होतं तेव्हा. तुझ्या बापाने गाडी पाठवली होती. ऑफिसात पंखा नव्हता. मोठीला चक्कर आली." कुणी जबरदस्ती केली का असं मी विचारलं नाही. तिनेच पुढे सांगितलं, की तिच्या यजमानांनी तेव्हा सही करू नको म्हटलं होतं, आणि तिनं केली, कारण सासरहून निघताना जिथे परत यायचं ते एकच घर होतं. "जमीन घेऊन मी काय केलं असतं?" असंही म्हणाली. तिचा मुलगा तीन वर्षांपासून घरासाठी कर्ज शोधतोय. त्याचा उल्लेख आम्ही दोघींनीही केला नाही.

सॉलिसिटरची चौकशी गुन्हा शोधायला बसलेली असते, तो सापडला नाही की ती संपते. ते योग्यच आहे. आमच्या फायलीत एकही कागद खोटा नव्हता, एकही सही बनावट नव्हती, पैसा शेवटच्या दमडीपर्यंत पांढरा. आणि तो पैसा ज्या जमिनीचा, तिच्यातले दोन हिस्से फुकट सोडलेले होते, हेही त्याच फायलीत, अधिकृत अनुवादासह, पान नंबर टाकून लावलेलं होतं. मुलीला घरासाठी पैसे देणारा बाप म्हणून नातेवाइकांत बाबांचं कौतुक झालं. ते खरंच कौतुकाचं आहे, आमच्या नात्यात असं देणारे ते पहिलेच.

मी बाबांकडे विषय काढला. ते आधी चिडले. बहिणींनी मागितलं का कधी? मागणार नाही असं लिहून दिल्यावर कसं मागतील, मी म्हटलं. दोन दिवस ते फोनवर फक्त हवामानाबद्दल बोलले.

दरम्यान मी माझ्यापुरता हिशेब मांडला होता. मीच इथून आत्यांना थोडे थोडे पाठवावेत, बाबांना त्यात ओढायला नको. सीएंना विचारलं, तर त्यात एक गंमत निघाली. आयकर कायद्यात भेट करमुक्त असते ती ठरावीक नातेवाइकांकडून आलेली, आणि ती यादी घेणाऱ्याच्या बाजूने वाचायची असते. आत्याने भाचीला दिलं तर भाचीला कर नाही, कारण आईवडिलांची भावंडं त्या यादीत आहेत. भाचीने आत्याला दिलं तर मात्र भावाची मुलगी यादीत नाही. वर्षाला पन्नास हजारांच्या वर गेलं की सगळी रक्कम आत्याचं उत्पन्न धरतात. भावाने बहिणीला दिलेल्याला मात्र कर नाही, रक्कम कितीही असो. म्हणजे पैसे तिकडे जायचेच असतील, तर माझ्याकडून नाही, बाबांकडूनच जायला हवेत.

हे ऐकून बाबांनी प्रथम कायद्याला शिव्या घातल्या. भाची नातेवाईक नाही म्हणजे काय! मग सीएंचा नंबर मागितला. संध्याकाळी सीएंचाच मला मेसेज आला: तुमचे वडील विचारतायत, बहिणींना दिलेल्या रकमेसाठीही परतफेडीची अपेक्षा नाही असं पत्र करावं लागतं का, आणि तुमच्याकडे इंग्रजीत तयार असलेला मसुदा आहे तो मराठीत मिळेल का.